उजेडावर धरलेली अंडी

वडगावातल्या आमच्या घरात मागाच्या खोलीला अजूनही खळीचा वास येतो. माग विकून चार वर्षं झाली, पण सुताला लावायच्या त्या खळीचा आंबूस, कोमट गंध भिंतींनी सोडलेला नाही. दार लावून घेतलं की तो हळूहळू वर येतो, आणि पश्चिमेकडच्या त्या दाराच्या फळीत गाठ निखळून पडलेलं जे भोक आहे, त्यातून कलत्या उन्हाचा बोटभर जाडीचा कवडसा आत उतरतो. याच कवडशात आक्का अंडी तपासायची.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला नि ती माहेरी परतली. मी लग्नाच्या भानगडीत पडलोच नाही. चाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर राहिलो. बोलायचं तिनं आणि ऐकायचं मी, अशी आमची वाटणी होती, आणि खरं सांगायचं तर ऐकण्याचं कामही मी मन लावून करत नसे.

कार्तिकातल्या एका सोमवारी तिनं खुडूक झालेल्या तांबड्या कोंबडीखाली नऊ अंडी उबवायला ठेवली. बुट्टीत भाताचा कोंडा, कडेला वीज बाधू नये म्हणून लोखंडाचा खिळा, सगळं तिच्या रीतीप्रमाणे. बुधवारी सकाळी चहाचं आधण चुलीवर असतानाच ती गेली. शुक्रवारी रक्षाविसर्जन उरकून पाहुणे पांगले, आणि घरात मी नि बुट्टीतली ती कोंबडी, दोघंच उरलो. ती नऊ अंडी म्हणजे आक्काच्या हातून अर्धवट राहिलेलं एकच काम होतं; ते माझ्या हातून बिघडू नये एवढंच मला वाटत होतं.

सातव्या दिवशी अंडी उजेडावर धरायची आणि वाईट निघतील ती काढून टाकायची, हे तिच्या बडबडीतून कानावर पडलेलं होतं. वाईट कशी ओळखायची, हे तिनं नक्कीच सांगितलं असणार. मीच ऐकलं नव्हतं. कोंबडी दाणे टिपायला उठली तशी मी बुट्टी आत नेली, दार लावलं आणि एकेक अंडं त्या कवडशावर धरलं. टरफल आतून केशरी उजळलं. पाहताना मला फारसा विचार करावा लागला नाही, कारण जन्मभर मी दुसरं काही केलंच नव्हतं. मागावरून उतरलेली साडी उजेडावर धरायची, तुटका धागा, गाठ, गुंता शोधायचा आणि सदोष नग बाजूला टाकायचा, हीच माझी भाकरी होती. चार अंडी आतून नितळ, स्वच्छ होती. पाचांत मात्र तांबड्या तंतूंचा नुसता गुंता माजला होता. ती पाच मी निवडून भांड्यात ठेवली आणि चार कोंबडीखाली परत सरकवली. काम चोख झाल्याचं समाधानही वाटलं.

सुतकाच्या घरी भाकरी शेजारून येते. तासाभरानं शेजारची सुमन भाकरी घेऊन आली, तिची नजर भांड्यावर गेली.

"अवो आप्पा, ही भायेर कशाला काढलासा?"

"गुंता झालाय आत. खराब हाईत."

तिनं एक अंडं उचललं, उरल्यासुरल्या उन्हावर धरलं आणि माझ्याकडे बघितलं. "गुंता न्हवं वो, शिरा हाईत त्या. जीव धरलाय ह्यांनी. तुमी ठेवलासा ती रिकामी हाईत."

पाचही अंडी गार पडली होती. आम्ही ती घाईनं कोंबडीच्या पोटाखाली ठेवली. सुमन गेल्यावर भाकरी तशीच झाकून ठेवून मी बुट्टीजवळ बसलो. निर्दोष दिसेल त्यालाच चांगलं म्हणायची माझी सवय. आक्काचं ते अखंड बोलणं, एका गोष्टीतून दुसरीत शिरणं, मेलेल्या माणसांची नावं जिवंतांत मिसळणं, हेही मला गुंताच वाटायचं, आणि मी कान बाजूला ठेवून देत असे. आता घर अगदी नितळ झालं होतं.

पुढच्या रविवारी आक्काचे दिवस झाले. पाहुणे आले, जेवले, गेले. सोमवारी मी पुन्हा मागाच्या खोलीचं दार लावलं. त्या पाचांतल्या चार अंड्यांत काळोखी साकळली होती, ती हलत नव्हती. मी ती कितीतरी वेळ धरून पाहिली. मग पाचवं उचललं. त्यातही तशीच काळी सावली होती. आणि एकाएकी ती आतल्या आत थरकली.

"आक्का, हललं गं!" मी मोठ्यानं ओरडलो.

स्वयंपाकघरातून "व्हय रं?" यायला हवं होतं. मी वाट पाहिली, वेड्यासारखी, खरोखरच पाहिली. तेवढ्यात हातातलं अंडं निवू लागल्याचं जाणवलं, तसा लगबगीनं जाऊन मी ते कोंबडीखाली सरकवलं. तिनं मनगटावर चोच मारली. मी हात लगेच काढला नाही. आत ऊब होती.