पायरीवरचं झोपलेलं पान

तोमिएबाईंच्या झाडूला गावात कोणी हात लावायचं नाही. नवी नवरी म्हणून त्या या डोंगरगावात आल्या, तेव्हा सासूने दिलेला तो. बांबूच्या काड्या झिजल्या की नव्या बांधायच्या, दांडा तोच. रोज सकाळी देवळाच्या दगडी पायऱ्या झाडायच्या आणि कमरेवर हात ठेवून गावाला ऐकवायचं, "एक पान दाखवा, झाडू खाली ठेवते!"

ही पैज तरुणपणची. आता डोळ्यांत मोतीबिंदू. उत्सव तोंडावर आलेला. पायऱ्या धाकट्या जावेकडे, शिगेनोकडे द्याव्यात असं गावात चाललं होतं. पण म्हातारीचं मन कोण मोडणार? म्हणून पायऱ्यांवर पानं राहतात का ते बघायला शिगेनोलाच धाडलं.

ती खालच्याच पायरीवर थबकली.

"जाऊबाई, हे काय?"

"कुठं काय?"

"पान. अक्रोडाचं, वाळून सुरळी झालेलं. ठेवा झाडू खाली."

तोमिएबाईंना पायरीच धड दिसत नव्हती, तर पान कुठलं! तरी त्यांनी तोऱ्यात झाडू फिरवला. तशी पानाला पाय फुटले.

शिगेनो खालीच बसली. तपकिरी रंग, दुमडलेल्या कडा, मधोमध शीर. तिने अलगद बोट टेकवलं. पंख सपाट! सुरळी नव्हतीच, नटाने रंग फासून गाल खोल दाखवावेत, तसला सगळा प्रकार.

"अगंबाई, पतंग! काय सोंग वठवलंय मेल्याने!"

"मग?" तोमिएबाईंचा कणा ताठ झाला. "कंदिलाला भुलून आलेला. मुद्दाम ठेवलाय. देवाच्या दारचा जीव झाडून टाकू?"

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि वरच्या पायरीवरचे ते दोन?"

"तेही पतंगच."

शिगेनोने फुंकर घातली. एक उलटं झालं, देठासकट.

"हा काही उडत नाही, जाऊबाई."

"झोपलाय."

शिगेनोने झोपलेल्याला देठाला धरून उचललं, सोबत्यालाही उचललं आणि एप्रनच्या खिशात घातलं.

खाली गावकरी वाट बघत होते. "काय गं, पानं राहिली होती?"

"पानं? छे! पतंग होते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पुन्हा पायऱ्यांशी हजर.

"तू कशाला आलीस गं?" तोमिएबाईंनी झाडू छातीशी धरला.

"झाडा की तुम्ही. मी आपली कोण कोण झोपलंय ते बघते."

झाडू पुढे निघाला. मागून शिगेनो वाकत वाकत. वरच्या पायरीला पोचेपर्यंत एप्रनचा खिसा टम्म फुगला.