ओहोटीच्या वेळचं पाणी

रोह्याच्या खाली, खाडीकाठच्या मिठागरात मी वाढले आणि बातमीदारी केली ती पेणच्या एका साप्ताहिकात. आमच्या खाडीत एक कंपनी घाण पाणी सोडते, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मासळीला रॉकेलसारखा वास यायचा. पण तपासणी झाली की पाणी दर वेळी स्वच्छ निघायचं. मीही हट्टाला पेटले होते.

एकदा तपासणीला मी स्वतः जाऊन उभी राहिले. अमावास्येची दुपार, खाडी तुडुंब भरलेली. प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी ऐटीत बाटली बुडवली आणि मला हसूच फुटलं. अमावास्या-पुनवेला आमच्याकडे भर दुपारी भरती असते. समुद्र आत शिरलेला असताना घाण सापडणार कशी? अष्टमीला या, तेव्हा दुपारी ओहोटी असते, असं मी त्यांना सांगितलं. मी त्यांची पत्रिकाच मांडायला बसल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जीप सुरू करायला सांगितली.

मग अष्टमीला आम्ही गावकरीच चिखलात उतरलो. सरपंचांसमोर बाटल्या भरल्या, मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. पाण्यात ॲसिड निघालं.

अडचण घरातच होती. माझा थोरला भाऊ त्याच कंपनीत, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबून नुकता कुठे कायम झालेला. तिथल्या कामाबद्दल मी कधी विचारत नसे, तोही सांगत नसे. बातमी दिवाळीपर्यंत तरी थांबव, असं आई काकुळतीला येऊन म्हणाली. मला तिचा राग आला, कारण तिचं चुकत नव्हतं. तरी मी थांबले नाही. भावाला आधी सांगितलं. तो डबा घेऊन शिफ्टला गेला.

बातमी छापून आली आणि कंपनीनं त्याला बोलावून घेतलं. बहीण खोटं लिहिते, असं लिहून दे म्हणाले. त्यानं दिलं नाही. भर दुपारीच तो घरी परतला, ते नोकरी गमावून. आई रडायला लागली. मी काही बोलणार, तोच त्यानं मला हातानं थांबवलं.

"ते पाणी रातपाळीला मीच सोडायचो," तो म्हणाला. "ओहोटीला सोडलं की घाण दर्यात वाहून जाते. ती कधी लागते, ते तिथं दुसऱ्या कोणाला ठावं नाय. म्हणून तर कायम झालो. आता लिव गो. माझं नाव घालून लिव."