मी रंगवलेली बाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला थोडं माहीत आहे, चुलतभावाला त्याहून जास्त. पण सगळं — सगळं फक्त मला. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही अण्णांना पाहिलेलं नाही म्हणून. ज्यांनी पाहिलं होतं ते मला गुणी मुलगा समजतात. लग्नाकार्यात कुणीतरी आपल्या पोराला माझ्यासमोर उभं करतं आणि बापाची सेवा कशी करावी ते यांच्याकडून शीक म्हणतं. मी जिलेबी चावत मान हलवतो. दुसरं काय करणार?

अण्णा म्हणजे माझे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर पंखांचे पत्रे जोडायला रिबिटा मारल्या, विमानात मात्र कधी बसले नाहीत. सुट्टीचा दिवस जानोरीच्या शिवारात, आमच्या द्राक्षबागेत. बाग त्यांनी स्वतः उभी केलेली. तिच्याबद्दल ते जेवढं बोलायचे तेवढं माझ्याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि हे मला खुपत नव्हतं असं मी म्हणणार नाही. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. मी त्यांना सातपूरला माझ्या घरी आणलं. बाग माझ्याकडे आली.

आणि मला तेव्हा वेगळंच वेड लागलं होतं. घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. संगणकावर विमान उडवायचा एक खेळ होता, पण त्यातलं नाशिक म्हणजे नुसतं तपकिरी माळरान — ना गोदावरी, ना गंगापूरचं धरण. त्याच सुमारास इंटरनेटवर उपग्रहाने काढलेले फोटो फुकट दिसायला लागले. ते तुकड्यातुकड्यांनी उतरवून घ्यायचे, कडेला कड जुळवायची आणि खेळातल्या जमिनीवर अंथरायचे, की वरून खरंखुरं नाशिक दिसतं. गोधडी शिवण्यासारखं काम. कामावरून आलो की मी त्यात बुडायचो.

त्या वर्षी बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला. शेजारची बाग माझ्या चुलतभावाची, भाऊसाहेबाची. त्याचा फोन आला. "डाऊनी दिसायला लागली हाय. आजच्या आज औषध मार, नायतर हाताला काय लागायचं नाय." डाऊनी म्हणजे पानामागची पांढरी बुरशी. उद्या येतो, म्हणालो. मी धरणाचा काठ जुळवत बसलो होतो. दोन फोटोंतल्या पाण्याचा रंग जमत नव्हता. उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा. गेलो तेव्हा घड काळे पडून गळत होते. मग माझं मनच उडालं. पुढची छाटणी केलीच नाही. तारा लोंबल्या, वेली माजल्या, आणि शेवटी जेसीबी लावून मी बाग काढून टाकली. अण्णांना सांगितलं नाही. जरा बरे झाले की सांगू — असं रोज ठरवायचो.

एके दिवशी त्यांचा वेळ जावा म्हणून मी त्यांची खुर्ची संगणकापुढे सरकवली. उजवा हात चांगला होता, त्यात विमान वळवायची जॉयस्टिक दिली. ओझरच्या धावपट्टीवरून विमान उठलं आणि अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मान पुढे काढून बघायला लागले. खाली जानोरीचा रस्ता, आमची विहीर — आणि बाग. फोटो जुना होता, बाग काढण्याच्या आधीचा. हे माझ्या लक्षातच नव्हतं. खरंच नव्हतं का?

उपग्रह दाखवतो ते आत्ताचं, या घटकेचं, अशी अण्णांची समजूत होती. ती मी मोडली नाही. पण फोटो नेमका छाटणीनंतरच्या दिवसांतला, नुसत्या काड्या. अण्णा रोज तिथंच घिरट्या घालायचे, आणि एक दिवस चिडले. "अजून फूट नाय? पाणी देतो का नाय तू?"

त्या दिवशी मी ब्रश घेतला — संगणकातला — आणि ओळ न् ओळ हिरवी केली. आधी पोपटी, मग गडद, काढणीनंतर जरा पिवळट, छाटणीच्या दिवसांत पुन्हा मूळ फोटो. खऱ्या बागेला एक फवारणी धड दिली नाही. या बागेचा एकही हंगाम मी चुकवला नाही. हसू येतं ना? मलाही यायचं, सुरुवातीला.

अण्णा खूश होते. कारखान्यातले जुने सोबती आले की सांगायचे, "पोरानं बाग माझ्यापेक्षा चांगली ठेवलीय." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याबद्दल बोलत होते. मला ते फार गोड लागलं, हेही कबूल करतो. पण तेव्हापासून मला घराबाहेर जायची चोरी झाली. कोण येईल, काय बोलून जाईल? पाहुणे असेपर्यंत मी समोरून हलायचो नाही. जानोरीकडचं कुणी आलं तर अण्णा झोपलेत म्हणून दारातूनच वाटेला लावायचो. विमानसुद्धा खाली येऊ द्यायचो नाही. शेवटी तो फोटोच, जवळ गेलं की नुसते रंगाचे ठिपके. बायको एकदाच बोलली, "किती दिवस कोंडून ठेवणार आहात त्यांना?" मी तिच्यावर ओरडलो.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, आजारी बापाला दुःख नको म्हणून खोटं बोलला, त्यात काय एवढं? मीही स्वतःला हेच सांगायचो. पण मुख्य गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. तिच्याभोवतीच फिरतोय मघापासून.

अण्णा म्हणायला लागले, मला एकदा बागेत ने. मी म्हणालो, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलाय. "रस्त्यावरूनच बघतो रे. गाडीतून उतरायचो पण नाय." मी पुन्हा डॉक्टरांचं नाव पुढे केलं. डॉक्टरांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं. उलट दर वेळी तेच विचारायचे — बाहेर नेता का, उन्हात बसवता का? मी हो म्हणायचो. संगणकाच्या खोलीत ऊन येत नव्हतं. अण्णांचा चांगला पायही वाळत चालला होता, आणि तो मीच रोज पुसत होतो.

मग थंडीत एका सकाळी भाऊसाहेब पिकअप घेऊन दारात उभा राहिला. मागे गादी अंथरलेली, वर उशी. "आण त्यांना. बागेचं मी सांगतो, शिव्या बी मीच खातो. पण एकदा आपली जमीन बघू दे त्यांना."

माझं काय जाणार होतं? तो सगळं अंगावर घ्यायला तयार होता. मी फक्त अण्णांना उचलून आणायचं. पण अण्णांना बाग नसल्याचं कळेल आणि ते पुन्हा माझ्याबद्दल काही बोलणार नाहीत, याची मला भीती वाटली. त्यांना धक्का बसेल, हे तर माझ्या मनातही आलं नाही. मी फाटकाला कडी घातली आणि म्हणालो, ताप आहे त्यांना. भाऊसाहेबाने मागची गादी गुंडाळली. मग गाडी वळवून गेला.

आतून अण्णांनी विचारलं, "भाऊसाहेबाची गाडी का रे?"

"नाही, कुणीतरी पत्ता विचारत होतं."

"बरं," म्हणाले, आणि दाराकडे बघत राहिले. मी त्यांची खुर्ची दारापासून वळवली, संगणकासमोर नेली आणि विमान सुरू केलं.

पुढच्याच महिन्यात ते गेले. चौघांनी त्यांना खांद्यावर घेऊन त्या दारातून बाहेर काढलं. त्यांत भाऊसाहेब होता. मडकं धरून पुढे मी चालत होतो, आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.