शनीनं कडं उतरवलं ते साल

आमच्या मामांइतका खरं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि लोकांनी इतका टाळलेलाही दुसरा पाहिला नाही. नागभीडच्या बाजूला सरकारी लाकडाच्या डेपोत ते मुन्शी होते. सागाच्या ओंडक्याला फीत गुंडाळायची, गोलाई मोजायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. डेपोतून घरी येताना फीत तिथेच राहायची, मोजण्याची सवय मात्र सोबत यायची. कोणाकडे जेवायला गेले आणि घरच्या बाईनं "वांग्याची भाजी कशी झाली?" असं कौतुकानं विचारलं, की मामा दुसरा घास घेत, डोळे मिटत आणि सांगत, "मीठ जास्त हाय. बाकी खाऊ शकतो." एका लग्नात वरपक्षातलं कोणी म्हणालं, नवरदेव चांगला उंच आहे. मामा म्हणाले, "फेटा काढून पाहा." तेव्हापासून कार्यप्रसंगी मामी त्यांना आपल्याजवळ बसवून घेत आणि त्यांच्या तोंडात सतत सुपारी राहील याची काळजी घेत.

त्यांना शौक एकच, आकाशाचा. जंगल खात्यातल्या कुठल्याशा साहेबानं बदलीच्या वेळी त्यांना एक पितळी दुर्बीण देऊन टाकली होती. ती अंगणात तिवईवर लावून मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवत. नको म्हणणाऱ्याला हात धरून दाखवत. नऊ ग्रहांत कडं फक्त शनीला आहे, ही गोष्ट त्या भागातल्या धान कापणाऱ्या बायांनाही पाठ झाली होती. एका म्हातारीनं विचारलं, "कडं सोन्याचं हाय का चांदीचं?" मामा गंभीरपणे म्हणाले, "हाताशी नाई लागलं बाई, सांगू शकत नाई." कोणी विचारलं, गुरू तर एवढा मोठा, त्याला काऊन नाही? तर म्हणत, "म्या त्याले शंभरदा पायलं. नाई म्हंजे नाई." मग त्या माणसाला गुरूही पाहावा लागे, आणि घरी त्याची भाकर गार होई.

मामांची एकुलती एक मुलगी शेवंता. मी तिच्याहून वर्षभरानं लहान, उन्हाळाभर त्यांच्याकडेच असायची. पन्नास-एकावन्नचं साल असेल. शेवंताला भद्रावतीकडचं एक स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे तिनं मला पाण्याला जाताना सांगितलं होतं. पण पत्रिका पाहिली तर तिला साडेसाती. याच कारणानं आधीची दोन स्थळं मोडली होती, आणि आता हेही हातचं जाणार म्हणून मामींनी अन्न टाकलं होतं. मुलाचे वडील भले गृहस्थ होते, मुलगी त्यांना पसंत होती, पण शनीपुढे त्यांचं पाऊल उचलेना. मामांनी त्यांना निरोप धाडला, "ज्याचं भेव वाटते, त्याले एकदा डोळ्यानं तं पाहून घ्या."

ते आले. दिवेलागण झाली, शनी वर आला, मामांनी दुर्बीण रोखली आणि कड्याचं वर्णन पाहुण्यांना आधीच ऐकवून ठेवलं. पाहुण्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं.

"मुन्शीजी, कडं कुठी हाय?"

मामांनी पाहिलं. धोतराच्या सोग्यानं काच पुसून पुन्हा पाहिलं. नुसता गोल, गुळगुळीत बोरासारखा शनी. स्थळं पाहण्याच्या धावपळीत मामांनी कित्येक महिने दुर्बिणीला हात लावला नव्हता. आता त्यांच्या ध्यानात आलं. शनीचं कडं रुंद असलं तरी फार पातळ. पंधराएक वर्षांनी एकदा ते आपल्याकडे नेमकी धार करतं, आणि साध्या दुर्बिणीतून दिसेनासं होतं. हे ते वर्ष होतं.

इकडे पाहुणे आपलं मनगट चोळत होते. "माही साडेसाती होती तवा म्या लोखंडाचं कडं घातलं होतं," ते हळूच म्हणाले. "संपली त्या दिवशी उतरवलं. आता शनिमहाराजांनं सोताच उतरवून ठेवलं हाय, तं आपून कायले धरून बसाचं?" मग मामांकडे वळले. "तुमी खरं बोलनारे मानूस. सांगा, नाई ना कडं?"

मामींच्या हातातला अडकित्ता थांबला. मामांनी घराच्या दाराकडे एकदा पाहिलं.

"दिसत नाई," ते म्हणाले, "हे खरं हाय."

वैशाखात लग्न झालं. पुढच्या वर्षी कडं पुन्हा दिसू लागलं, आणि मामांची झोप गेली. व्याह्यांना ते पोस्टकार्ड लिहीत आणि फाडत. एकदा सगळं सांगून टाकायचं म्हणून मोटारीत बसून थेट भद्रावतीला गेले. अंगणात शेवंता नवऱ्याशी काहीतरी बोलून हसत होती. मामा जेवले, मीठ बरोबर असल्याचं सांगितलं आणि परत आले. शनी मात्र त्यांनी त्यानंतर कोणालाच दाखवला नाही. लोक बिचारे गुरूच पाहून जात.

मामा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी बातम्या आल्या. युरेनसला कडी सापडली, मग गुरूलाही, आणि नंतर नेपच्यूनलाही. मला हसू आलं. मामा असते तर शंभरदा पाहिलेल्या गुरूबद्दलचं आपलं बोलणं मागं घ्यायला घरोघर फिरले असते. मी हे शेवंताला सांगितलं. तीही हसली.

"मी दाराच्या मांगं उभी होती त्या दिवशी," ती म्हणाली. "कडं कुठी गेलं, मले माहीत होतं. बाबांनंच शिकवलं होतं. मले वाटलं, आता बोलतीन आन सारं मोडतीन. नाई बोलले."

"मग कधी सांगितलं नाहीस त्यांना, तुला माहीत होतं म्हणून?"

"लाज वाटे. आज सांगीन, उद्या सांगीन, असं करत राह्यली. एवढं खोटं त्याईनं एकट्यानं वाह्यलं, आन मी वाहू देल्लं."