आत्याला आणायला बनारसला गेले

आत्याला पुण्याला आणायचं, एवढ्याच कामासाठी मी बनारस गाठलं. परतीची दोन तिकिटं काढूनच निघाले होते. गाडी अर्धा दिवस उशिरा पोचली आणि कंबर कामातून गेली. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आत्या राहते त्या रामघाटापर्यंत रिक्षा जात नाही. ई-रिक्षावाले मैदागिनला सोडतात. मागतील त्याच्या निम्मे द्या. पुढे गल्ल्यांतून पायी, म्हणून सामान कमीच बरं.

घाटावर पुराचा गाळ अजून होता, नावा बंद होत्या. दारात आत्या दिसली. इतकी वाळली होती, की आधीच यायला हवं होतं असं वाटलं. लग्न होऊन ती इथे आली, काका गेल्यावर एकटीच राहिली. मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, मुलांना ती कित्येक वर्षं फुकट गाणं शिकवते.

"आता माझ्याच्यानं होत नाही गं," ती म्हणाली. "या इतवारी मुलांचा कार्यक्रम झाला की बस. क्लास बंद."

"नक्की?"

"एकदम पक्कं. मेहनत करायची मी, आणि पोरं मध्येच गायब. गुड्डीच बघ. सगळ्यात सुरेल तीच, पण आठवडाभर फिरकली नाही."

दुसऱ्या दिवशी कचौडी-जिलबी खाऊन (लवकर जा, नंतर नुसतं तेल उरतं) आम्ही गुड्डीच्या घरी गेलो. एकच खोली. गुड्डी आईमागे लपली.

"बिना गंडा बँधाए मंच पर कैसे बैठेगी, माताजी?" आई म्हणाली. "सब कहते हैं मिठाई चाही, कपड़ा चाही, दच्छिना चाही. और नाव तो बंद है, कमाई कहाँ से?"

गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधायचा धागा. तो बांधला, की शिष्याची जबाबदारी जन्माची. आत्याने आजवर एकाही मुलाला बांधला नव्हता.

"हमने कभी कुछ माँगा?" आत्या चिडली.

"नहीं माँगा, इसी की तो शरम है."

'गरज नाही, पोरीला तशीच पाठव,' एवढं आत्या म्हणाली असती तरी भागलं असतं. मला तेच हवं होतं. ती कण्हत खाली बसली.

"गुड़-चना है घर में?"

गंडा बांधताना गुरू शिष्याला गूळ-चणे भरवतो. डब्यात तेवढे होते. देवापुढचा लाल धागा निघाला. आईने गुड्डीची ओढणी सारखी केली, मग स्वतःचा पदर. आत्याने धागा बांधला, गूळ-चणे भरवले. दमलेल्या माणसाने एवढं ओझं घेऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

रविवारी गुड्डी गायली. एकदा अडखळली, सावरली. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. घरी येताना आत्या म्हणाली, "माझं तिकीट रद्द कर."

"आत्या, स्वतःच्या तब्येतीकडे बघ जरा."

"बघते ना. पण गंडा बांधून निघून जातं का कुणी?"

एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत आले. पाय आठवडाभर दुखत होते, आणि आत्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. काय पाहिलंस, असं लोक विचारतात, तेव्हा धड एक देऊळ सांगता येत नाही.

काल फोन केला. "बरी आहे, थोडा खोकला आहे. थांब, पोरगी आली," म्हणाली आणि फोन बंद करायला विसरली. पलीकडे गुड्डी सा लावत होती. आत्या खोकायची, खोकला थांबला की म्हणायची, "फिर से." मी बराच वेळ ऐकत राहिले. तिला इकडे आणायचा विषय मी पुन्हा काढणार नाही.