थंड पावडरीची खोली

घामोळ्यांच्या पावडरीचा आमचा कारखाना गाझियाबादला होता आणि मी तिथली केमिस्ट. लग्न होऊन पुण्याहून आलेली. हिंदी कच्ची, तोंड मात्र पक्कं. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नसे.

आयात नुकतीच खुली झाली होती. तोवर आम्ही पुदिन्यातून निघणारं मेन्थॉल घालायचो. मग मालकांनी एक कृत्रिम, परदेशी पदार्थ आणला. वास नाही, पण गारवा दुप्पट. दोन्हींची लबाडी एकच: त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवायचं. अंग तसूभरही थंड होत नाही, नुसतं वाटतं.

हे मला पाठ होतं. तरीही पॅकिंगच्या खोलीत शिरले की हवेतली पावडर मानेवर बसायची आणि मीच म्हणायचे, "अहाहा!" तिथल्या बायकांनी एक्झॉस्ट फॅन मागितले, तेव्हा मालक दोन मिनिटं आत उभे राहिले आणि म्हणाले, "यहाँ तो शिमला है!" मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मे महिन्यात डबे भरणाऱ्या बायकांतली सगळ्यात थोरली कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "मुझे तो ठंड लग रही थी, मैडम."

मी लॅबमधला थर्मामीटर तिच्या टेबलापाशी टांगला. त्रेचाळीस. मालकांना बोलावून दाखवला.

"लेकिन ठंडा लग रहा है ना?"

"आपको लग रहा है." मी थर्मामीटरवर बोट ठेवलं. "इसकी चमड़ी नहीं है."

दोन फॅन आणि तासातासाला पाण्याची सुट्टी मिळेपर्यंत सही करणार नाही, असं सांगून मी पेनाला टोपण लावलं. मालक ओरडले, दुसरी केमिस्ट आणतो म्हणाले.

"आणा की!" मी मराठीतच म्हटलं. राग आला की मला हिंदी सुचत नाही.

भरलेला ट्रक तीन दिवस आवारात उभा राहिला. चौथ्या दिवशी भिंतीला भोकं पाडायला गवंडी आला.

फॅन पावडर बाहेर ओढू लागले. थोरली कामावर परतली, तेव्हा अर्ध्या तासातच पदराने मान पुसत माझ्याकडे आली. "मैडम, अब तो बहुत गर्मी लग रही है."

मला इतका आनंद झाला की तिला मिठीच मारली. मग सगळ्यांना हातातले डबे ठेवून पाणी प्यायला उठवलं. मालक दारातच उभे होते. त्यांना वळसा घालून आम्ही बाहेर गेलो.