सरकलेल्या ओळी

आज संगणक सुरू केला आणि खिडकीतून पांडेसऱ्यातल्या कापड गिरण्यांच्या रंगाचा आंबूस वास आला, तशी ती दुपार आठवली. बायकोने आपल्या आईच्या तोंडून ऐकून टाइप केलेल्या अहिराणी ओव्यांची फाइल उघडत नव्हती, कारण विकतच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली होती. तिची आई वारली होती आणि दुसरी प्रत नव्हती. माझा धाकटा भाऊ त्याच सॉफ्टवेअरची चोरीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन आला. "वहिनी, चोरीनं शे, पण कोन देखस? आत्तेच चालू करी देस." ती म्हणाली, "नको भाऊजी. आईच्या ओव्या चोरीच्यात नाही उघडायच्या. कुणी आपणहून फुकट दिलेलं असेल तेच टाका." मोफतची दोन सापडली, नेट गेलं तरी चालणारं तिने निवडलं. फाइल उघडायला घेतली, तर पान पांढरंच राहिलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं. मग ओव्या हळूहळू उमटल्या, फक्त ओळी उजवीकडे सरकलेल्या. "सरकू देत," ती डोळे पुसत हसली, "बसवीन मी सावकाश." निम्म्या बसवून झाल्या आणि तीही आईच्या मागे गेली. उरलेल्या आज समोर उघड्या आहेत आणि माझ्याने एकही ओळ जागेवर नेववत नाही.